सांबप्पाच्या मापाची रायफल

निंबळवाडीच्या चन्नप्पा शेट्यांना समाधी देताना खड्डा दोनदा खणावा लागला. वीरशैवांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, आणि चन्नप्पा बसवल्यावरसुद्धा डोकं वर काढून गावाकडे बघतायत असं दिसायला लागलं. शेवटी त्यांना उचलून बाजूला टेकवलं आणि आणखी हातभर खणलं. "माणूस लय मोठा होता," सोनपेठहून आलेले पाहुणे म्हणाले, आणि मग सगळ्यांचे डोळे एकदमच धाकट्या भावाकडे, सांबप्पाकडे वळले. सांबप्पाची उंची चार फूट दहा इंच. याच्या वेळेला दुसऱ्यांदा खणायची गरज पडणार नाही, हे पाहुण्यांच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की भावाच्या दुःखातही सांबप्पाला राग आला.

पाहुण्यांना खरी काळजी मात्र वेगळीच होती. निंबळवाडीत चैत्री पौर्णिमेला सिद्धेश्वराची जत्रा भरते. भर दुपारी पालखी देवळाच्या पायरीवर येते आणि तिथंच थांबते. शेट्यांच्या घरातल्या कर्त्या पुरुषानं बंदुकीचा एक बार काढला की मग ती हलते, शिवेवर जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. हा मान शेट्यांना कसा मिळाला याच्या गावात तीन हकिकती आहेत. तिन्हींत पेंढारी येतात आणि शेट्यांचा कुणीतरी खापरपणजोबा एकच बार काढून त्यांना पळवून लावतो. बार हवेतच काढला होता यावर मात्र तिन्ही हकिकतींचं एकमत आहे, कारण शेट्यांच्या घरात मुंगीवर पाय पडला तरी कपाळाला विभूती लावून क्षमा मागतात. तर असं हे पिढ्यान् पिढ्या मीठमिरची विकणारं, वांगं चिरण्याआधी आतल्या अळीला बाहेर निघायची संधी देणारं घराणं, आणि बंदुकीचा मान त्याच्याकडे.

बार निघाला नाही तर मान भाऊबंदांत जातो, हाही रिवाजच. भाऊबंद म्हणजे बसप्पा. हा सांबप्पाचा चुलतभाऊ, वयानं लहान आणि अंगानं एवढा की दुकानात वाकल्याशिवाय शिरता यायचं नाही. समाधीवरची माती वाळायच्या आत तो येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, तुमी मनाला लावून घेऊ नका. जत्रंला मी हाय की. मान आपल्याच घरात राह्यला म्हंजी झालं."

"मी मेलो न्हाई अजून," सांबप्पा म्हणाला.

सांबप्पाला हा मान हवा होता. का हवा होता ते आडपडदा न ठेवता सांगायला पाहिजे. बेचाळीस वर्षं लोक त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत आले होते. तो गल्ल्यावर बसलेला असताना गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "शेट हायत का घरात?" वर्षातून एकदा, एका क्षणापुरतं का होईना, देवळाच्या उंच पायरीवर खांद्याला बंदूक लावून उभं राहावं आणि सगळ्या गावानं मान वर करून आपल्याकडे बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. चन्नप्पा असेपर्यंत ती त्यानं स्वतःलाही सांगितली नव्हती.

घरातली बंदूक ठासणीची होती. जमिनीवर उभी केली की तिची नळी सांबप्पाच्या फेट्याच्या वर जायची. दारू वरून भरायची म्हणजे सांबप्पाला स्टूल लागायचं, म्हणून त्याची बायको नीलम्मा दारू भरायची. तिचा हात सहज पोचायचा. दस्ता खांद्याला टेकवला की चाप बोटाच्या वीतभर पुढे राहायचा. चापापर्यंत बोट न्यावं तर दस्ता काखेतून मागं निघायचा आणि नळी खाली झुकून समोरच्या माणसाच्या गुडघ्याकडे बघायला लागायची.

शेजारी व्यंकटराव राहायचे. महसुलातल्या गिरदावरीतून पेन्शनीत निघालेले, उर्दू लिहिणारे, आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देणारे. ते म्हणाले, "उंची कमी पडायलीय ना? मग उंची वाढवा. पायली पालथी घाला अन् तिच्यावर उभं राहा." हा सल्ला ऐकायला इतका बरोबर वाटला की त्यात काही चूक असेल असं कुणालाच वाटलं नाही. सांबप्पा पालथ्या पायलीवर चढला, नीलम्मानं नुसती दारू ठासली, बार निघाला, आणि सांबप्पा मागच्या मागे लाल मिरचीच्या उघड्या पोत्यात जाऊन बसला. गल्लीतली माणसं दिवसभर शिंकत होती. बसप्पा शिंकता शिंकता म्हणाला, "दादा, जत्रंला पोतं माघं ठिवू का?"

दस्ता कापून आखूड करावा तर तीही सोय नव्हती. दसऱ्याला त्या बंदुकीची पूजा व्हायची. "देवाला करवत लावता व्हय?" बसप्पानं भर चावडीत विचारलं, आणि सगळ्या चावडीनं सांबप्पाकडे, म्हणजे सवयीप्रमाणे त्याच्या डोक्याच्या थोडं वर, बघितलं. तेव्हा ठरलं की नवीन बंदूक घ्यायची, आणि तीही मापाची.

हे फसली तेराशे पंचेचाळीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसच्या आसपासचं. बंदूक घ्यायची तर दरख्वास्त पाहिजे. व्यंकटरावांनी सुरेख उर्दूत ती लिहून दिली आणि सांबप्पा ती घेऊन तहसील कचेरीत गेला. तिथल्या मुन्शींनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून सांबप्पाला बघितलं आणि म्हणाले, "घर में एक बंदूक है, फिर दूसरी कायकू?"

"ती लांब हाय, साहेब. मी आखूड हाय."

मुन्शींनी रजिस्टर चाळलं. आंधळ्यासाठी सबब होती, लंगड्यासाठी होती, बंदूक विहिरीत पडली तर त्यालाही एक कलम होतं. ठेंगण्या माणसाची सोय हुजूर सरकारनं केलेली नव्हती. शेवटी असं निघालं की दवाखान्यातून उंचीचा दाखला आणला तर पुढे विचार होईल. आणि इथंच सांबप्पानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. कंपाउंडर माप घ्यायला लागला तेव्हा तो म्हणाला, "फेटा डोक्यावर असू द्या. भल्या माणसाचं डोकं फेट्यासकट मोजत्यात." दाखला मिळाला पाच फूट तीन इंचांचा. सांबप्पानं तो वाटेत चारदा काढून वाचला. कचेरीनं दरख्वास्त नामंजूर केली. एवढ्या उंच माणसाला आखूड बंदुकीची गरज नाही, असा शेरा होता.

दुसऱ्यांदा माप कचेरीतच घेतलं, उघड्या डोक्यानं, उघड्या पायांनी, पन्नास पक्षकारांसमोर. शिपायानं आकडा मोठ्यानं वाचला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यात डोकं धरलं का?" त्या दिवशी सांबप्पा घरी येऊन जेवला नाही. नीलम्मानं ताट झाकून ठेवलं आणि ती काही बोलली नाही, हे तिचं नेहमीचं होतं.

परवानगी आली. सांबप्पा व्यंकटरावांना घेऊन परभणीला बंदुकांच्या दुकानात गेला. दुकानदार म्हातारा आणि जाणता होता. त्यानं सांबप्पाचा हात कोपरात दुमडायला लावला, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि बोट चापापर्यंत पोचतं का बघितलं. मग म्हणाला, "लांबी एक झाली. दुसरं वजन. नळी पुढं जड असली की लहान हाताला रग लागते, मग निशाण हलतं. आता खरी पारख. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, मान वाकडी करू नका, अन् मग डोळे उघडा. नळीवरचा मणी समोर आपसूक दिसला तर ती तुमची. शोधावा लागला तर दुसऱ्याची."

सांबप्पानं अकरा बंदुका लावून बघितल्या. डोळे उघडले की कधी छत दिसायचं, कधी व्यंकटराव. अकरावीला तर नुसतंच लाकूड दिसलं. प्रत्येक बंदूक दुसऱ्याची निघाली.

परत येताना कागद दाखवायला ते तहसील कचेरीत थांबले. मुन्शींना त्या दिवशी काय दया आली कोण जाणे, ते म्हणाले, "मालखान्यात एक आहे. बेवारस. छोटी है."

मालखाना म्हणजे जप्तीचा माल ठेवायची, कचेरीच्या मागची, खिडकीला गज असलेली खोली. बाहेर पौषातलं ऊन होतं, आत ओल्या मातीसारखा गारवा. कोपऱ्यात, इतर बंदुकांपासून हातभर लांब, ती उभी होती. तिच्या आजूबाजूला सगळीकडे कोळ्यांची जाळी होती, तिच्यावर एकही नव्हतं. सांबप्पानं डोळे मिटले आणि ती उचलली. दस्ता खांद्यात बसला तो खांदा त्याच्यासाठीच घडवल्यासारखा. गाल लाकडाला टेकला आणि त्याला कळलं की तिथं एक उथळ खळगा आहे, कुणाच्या तरी गालानं वर्षानुवर्षं घासून झालेला, आणि त्याच्याही गालाच्या नेमका मापाचा. त्या गार खोलीत तेवढं लाकूड कोमट होतं. त्यानं डोळे उघडले. मणी बरोबर समोर होता, आणि मण्याच्या पलीकडे गजावर एक पारवा बसून त्याच्याकडे एकटक बघत होता.

"हीच," सांबप्पा म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

"पहिला मालक कोण होता?" व्यंकटरावांनी विचारलं.

मुन्शींनी रजिस्टरवर बोट फिरवलं. "लापता. तलावाच्या काठी बंदूक मिळाली. आदमी का नक्को पूछो." मग सांबप्पाकडे बघून, जरा हळू आवाजात, "कद तुमच्याएवढाच होता म्हणतात."

एका लायसनावर एकच बंदूक, म्हणून जुनी ठासणीची मालखान्यात जमा करावी लागली. शिपायानं ती नेऊन त्याच कोपऱ्यात ठेवली.

गावात आल्यावर सांबप्पा बदलला. तो ताठ चालायला लागला. रायफल पाठीला लावून तो दुकानात बसायचा आणि बसप्पा आला तरी उठायचा नाही. जत्रेला हात बसलेला असावा म्हणून माघात एका भर दुपारी तो नीलम्माला घेऊन आपल्या पडीक रानात गेला. निंबळवाडीत दुपारी रानात कुणी थांबत नाही. बाराच्या सुमाराला रान एकदम गप्प होतं, आणि गप्प झालेलं रान कुणाचं असतं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. आभाळ रिकामं होतं, एक ढग नाही, एक पाखरू नाही. सांबप्पानं नळी वर केली आणि चाप ओढला. धक्का जवळजवळ बसलाच नाही. कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तेवढाच.

"बग, कशी हाय!" तो म्हणाला.

नीलम्मा आभाळाकडे बघत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग वरून, जिथं काहीच नव्हतं तिथून, एक घार आली आणि त्याच्या पायाशी पडली. ती घिरट्या घेत आली नाही, फडफडलीही नाही.

सांबप्पानं घारीला मूठमाती दिली, तीन दिवस उपास केला आणि मठातल्या स्वामींकडे गेला. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की नकळत झालेल्या पापाला प्रायश्चित्त आहे. बंदुकीला विभूती लावावी आणि पुढल्या वेळेस खाली मातीत बार काढावा. सांबप्पानं बंदुकीला विभूतीचे तीन पट्टे ओढले. सकाळी उठून बघतो तो पट्टे पुसलेले, आणि गालाच्या खळग्यात मात्र पांढरी बोटं उमटलेली. व्यंकटराव म्हणाले की तेलकट लाकडावर विभूती बसत नाही, हे साधं शास्त्र आहे. त्यांनी हे लांबूनच, आपल्या ओट्यावरून सांगितलं.

दुसरा बार त्यानं बांधाच्या मातीत काढला. गोळी मातीत शिरली, थोडी धूळ उडाली, आणि मग त्या भोकातून एक थेंब रक्त आलं. उकरून बघितलं तर आत, दोन हात खोल, बिळात झोपलेली चांगली मोठी घोरपड होती.

"आवो," नीलम्मा म्हणाली, "ही रिकामी वाजत न्हाई."

तिनं एवढंच म्हटलं, पण नेमकं हेच सांबप्पाच्याही मनात आलं होतं. तरी माणसाला वाटतं की अक्कल वापरली की सगळं जमतं. गोळी असेल तर मरेल ना कुणी? त्यानं पकडीनं काडतुसातली गोळी उपसून काढली, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि आभाळ नको, जमीन नको, म्हणून विहिरीच्या दगडी काठावर नळी धरून नुसत्या दारूचा बार काढला. कापूस जळाला. दगडाला काही झालं नाही. शेताच्या त्या टोकाला, नळीच्या पाठीमागे, बाभळीखाली रवंथ करत बसलेला घरचा बैल हळूच मान खाली टेकवता झाला. सांबप्पा जाऊन पोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांवर माशी बसली होती. अंगावर जखम नव्हती. तोंडातला चारा तसाच होता.

सांबप्पा बैलाजवळ बसून लहान मुलासारखा रडला. तो बैल घरातच जन्मलेला होता. आणि रडता रडता त्याच्या व्यापारी डोक्यात, नको असताना, एक साधी गोष्ट आली: घारीपेक्षा घोरपड मोठी, घोरपडीपेक्षा बैल मोठा. चौथा बार जत्रेत, हजार माणसांत.

तो दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेला. रायफल परत घ्या आणि जुनी द्या, म्हणाला. मुन्शी म्हणाले, देऊ की, नवी दरख्वास्त करा. सबब काय लिहू? सांबप्पानं खरं ते सांगितलं. मुन्शींनी हातातली लेखणी खाली ठेवली. "ये सबब रजिस्टर में नै है," ते म्हणाले, आणि त्यांनी रायफलीला हात लावला नाही. जत्रेनंतर या, म्हणाले.

गावात त्यानं सांगून बघितलं. चावडीवर लोक हसले. बसप्पा हसला नाही; तो मायेनं म्हणाला, "दादा, भ्यालो म्हणून सरळ सांगा की. बैल म्हातारा होता, मेला. तुमाला न्हाई जमत तर मी काढतो बार. रायफल तेवढी मला द्या." आता हा पेच नीट बघा. सांबप्पानं बार काढला तर कुणीतरी मरणार. काढला नाही तर मान बसप्पाकडे जाणार, आणि बसप्पा याच रायफलीनं बार काढणार, तरीही कुणीतरी मरणार. कुणीच काढला नाही तर देव पायरीवर अडकणार, आणि असं कधी झालेलं नसल्यामुळे त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं. रायफल विहिरीत टाकावी असंही त्याच्या मनात आलं. टाकायला म्हणून तो काठापर्यंत गेलाही. पण विहिरीतून गाव पाणी पितं, आणि शिवाय, हे त्यानं नीलम्मालाही सांगितलं नाही, त्याचे हात सुटेनात. ती त्याच्या मापाची होती. आयुष्यात त्याच्या मापाचं दुसरं काहीच नव्हतं.

चैत्री पौर्णिमा आली. सूर्य माथ्यावर, देवळासमोर पाय ठेवायला जागा नाही. पालखी पायरीवर आली आणि थांबली. ढोल थांबले. सांबप्पा पायरीवर चढला, फेटा नीट केला, आणि सगळ्या गावानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ज्याची त्यानं इतकी वर्षं वाट बघितली होती ते हेच. पण त्याला ते चेहरे एकेक करून दिसायला लागले. दवाखान्यातला कंपाउंडर होता. सोनपेठचे पाहुणे होते. हातात नारळ घेतलेली म्हातारी होती. नीलम्मा बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

"मंडळी," सांबप्पा म्हणाला, "औंदा बारावाचून पालखी हलवा. म्या पाया पडतो."

कुणीतरी खुदकन हसलं. पालखीचे भोई एकमेकांकडे बघायला लागले, पण कुणी पाऊल उचलेना. बसप्पा दोन ढांगांत पायरीवर आला. "द्या इकडं, दादा," म्हणाला, आणि त्यानं रायफल सांबप्पाच्या हातातून काढून घेतली.

बसप्पाला ती अर्थातच आखूड होती. त्याचं कोपर बाहेर आलं, नाक अंगठ्याला लागलं, नळी वर जायच्या ऐवजी डगमगत गर्दीवरून फिरायला लागली. आणि एक विलक्षण गोष्ट सांबप्पाला दिसली. नळी जिथून जाईल तिथले लोक गप्प होत होते. बोलणारा बोलता बोलता थांबायचा, कडेवरचं रडणारं लेकरू गप्प व्हायचं, आणि नळी पुढे गेली की पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. त्यांना स्वतःला काही कळत नव्हतं. नळी फिरत फिरत बायकांच्या घोळक्याकडे आली. नीलम्माचे हलणारे ओठ थांबले.

सांबप्पानं झेप घेतली. एवढा लहान माणूस एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगावर कसा गेला ते बघणाऱ्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. रायफल त्याच्या हातात आली आणि आपसूक खांद्यात बसली. खळगा गालाला लागला, आणि या वेळेला तो कोमट नव्हता, चांगला तापलेला होता. चापावर बोट कधी गेलं ते त्याला कळलं नाही. ते आता त्याच्या हुकमात नव्हतं. वर घारी, समोर माणसं, मातीखाली काय काय जीव, नळीमागे पालखी. त्यानं उरलासुरला जोर करून नळी खाली दाबली, स्वतःच्या पायाशी. तिथं माथ्यावरच्या उन्हात त्याची सावली पडली होती, वीतभर, काळी, फेट्यासकट. हिला काय जीव असतो, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि बार निघाला.

धूर गेला. पायरीच्या दगडाचा एक टवका उडाला होता. हर हर महादेव झालं, ढोल वाजले, भोयांनी पालखी उचलली. सांबप्पानं आभाळाकडे बघितलं, काही पडलं नाही. जत्रेला आलेल्या गाड्यांचे बैल उभे होते. त्यानं पाहुणे बघितले, कंपाउंडर बघितला, म्हातारी बघितली, बसप्पा आपलं नाक चोळत उभा होता तोही बघितला. नीलम्माचे ओठ पुन्हा हलायला लागले होते. सगळे जिवंत होते. दस्ता हळूहळू गार पडला आणि मग ती नुसती एक बंदूक राहिली, लाकडाची आणि लोखंडाची. सांबप्पाला इतका आनंद झाला की तो बसप्पाच्या कमरेला मिठी मारून हसला. लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातले. व्यंकटराव सगळ्यांना सांगत होते की बार खाली काढायची युक्ती मूळ आपलीच.

पालखी शिवेवर गेली, आरती झाली, आणि उतरत्या उन्हात सगळं गाव परत निघालं. सूर्य पाठीशी होता. पालखीच्या पुढे मानकरी म्हणून सांबप्पा, हारांखाली हनुवटी दडलेला. त्याच्या दोन्ही बाजूंनी सावल्या पुढे पळत होत्या. पालखीची होती, निशाणाच्या काठीची होती, बसप्पाची तर पार पांदीच्या वळणापर्यंत गेली होती. ढोलवाल्याच्या पायात येणाऱ्या कुत्र्यालासुद्धा चांगली दोन हात सावली होती. सांबप्पानं सहज खाली बघितलं. त्याच्या पायापुढे नुसतं ऊन होतं, पिवळं, स्वच्छ, मातीच्या खड्यांसकट.

त्यानं एक पाय उचलून बघितला. दुसरा बघितला. मागून लोक येत होते, हसत, बोलत. कुणाच्या तरी लक्षात यायला आता फक्त खाली बघायचाच अवकाश होता.

निंबळवाडीत बायका पुरुषांच्या मागून चालतात. नीलम्मा तर लग्न झाल्या दिवसापासून दहा पावलं रिवाजाची आणि वर दहा पावलं उंचीची मागे राहत आली होती, शेजारी उभं राहिल्यावर नवऱ्याचं काय दिसतं ते तिला ठाऊक होतं म्हणून. ती बायकांच्या घोळक्यातून निघाली, पुरुषांच्या मधून सरळ पुढे आली, आणि पाठीशी असलेला सूर्य नीट हेरून, सांबप्पाला खेटून चालायला लागली. तिची लांब सावली दोघांच्या पुढे पडली.

"वैनी, वरात हाय का काय?" बसप्पा मागून ओरडला, आणि सगळे हसले.

"हाव, वरातच हाय," नीलम्मा मोठ्यानं म्हणाली. चोवीस वर्षांत गावानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मग तिनं डोक्यावरचा पदर सांबप्पाच्या बाजूला जरा पसरून धरला, म्हणजे खालची सावली रुंद दिसावी.

"तुला दिसलं व्हय?" सांबप्पानं विचारलं.

"शिवंवरच दिसलं. खाली बगू नका, समूर बगा. माज्या पावलाला पाऊल लावून चाला."

सांबप्पा लाजला, आणि त्याला रडूही आलं. मग तो सगळ्या गावासमोर, आपल्यापेक्षा टीचभर उंच असलेल्या बायकोच्या शेजारून, तिच्या सावलीत अंग चोरून घराकडे चालू लागला.